दोन भोवऱ्यांची कालवड

रूथ भिंगारदिवे ही बाई ‘बघू’, ‘जमेल बहुतेक’, ‘देवाच्या मनात असेल तर’ असलं काही बोलत नाही. देवावर तिची श्रद्धा आहे, रविवारची उपासना चुकवत नाही, पण कामात देवाला मध्ये घालत नाही. विचारलं तर सांगते, होईल. नाहीतर सांगते, नाही. तिसरं उत्तर तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. अशा माणसाबरोबर काम करणं सोपं असतं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा करून बघावं.

मी बन्सी वाकचौरे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून अकोले तालुक्यात सगळी नोकरी काढली. गावोगावी मला डॉक्टर म्हणत आणि मीही कधी नको म्हटलं नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या कामात लुडबूड करण्यापेक्षा नगरजवळच्या गाईंच्या एका भ्रूण केंद्रात लागलो. आता पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. केंद्राला डोंगरातल्या वाटा, माणसं आणि जनावरं ओळखणारा कुणीतरी हवा होता. रूथ तिथली मुख्य शास्त्रज्ञ, वयानं माझ्या मुलीएवढी. पहिल्या दिवशी मी तिला ‘पोरी’ म्हणालो, ती गोड हसून ‘हो काका’ म्हणाली. तासाभरानं मी हात न धुता प्रयोगशाळेत शिरलो, तेव्हा तिनं मला असं झापलं की त्या दिवसापासून मी तिला मॅडम म्हणतो.

ती मूळची शेवगावची. वडील आमोस भिंगारदिवे शाळेत मास्तर, आई रोझी दवाखान्यात नर्स. रोझीबाईंनी निम्म्या शेवगावची बाळंतपणं केली असतील. रूथ लहानपणी आईला विचारायची, पोटातल्या बाळाला नाक कुठं करायचं आणि पाय कुठं करायचे हे कोण सांगतं? आई म्हणायची, देव. वडील म्हणायचे, जीवशास्त्राचं पुस्तक आण. पोरीनं दोघांचं ऐकलं. पशुवैद्यक झाली, मग उत्तरेत जाऊन भ्रूणाच्या मूळ पेशींवर, ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्यांच्यावर, डॉक्टरेट केली. परदेशातून बोलावणं आलं होतं, गेली नाही. का गेली नाहीस म्हणून मी एकदा विचारलं. ‘तिथं उंदरांवर काम होतं, काका. मला गाई हव्या होत्या,’ म्हणाली. एवढंच. 

आता चांगुणाबाईचं सांगतो, कारण रूथला मी खरी ओळखली ती तिच्या अंगणात.

राजूरच्या वर उंबरदरा म्हणून एक वाडी आहे. तिथली चांगुणाबाई धिंदळे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. रामा आणि लक्ष्मण असे दोन जुळे मुलगे, एका साच्यातले. दोघांचं नाक तेच, चाल तीच, खोकलाही तसाच. रामाला एक मुलगी, पूजा. लक्ष्मणाला सगळे लक्षा म्हणतात. लक्षाच्या डोक्यावरची टोपी मी कधी निघालेली पाहिली नव्हती, आणि त्याचं कारण वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या टाळूवर केसांचे दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं म्हणून पोरांनी त्याला शाळेपासून पिडलं होतं. ‘एक मिळाली तीच मुश्किलीनं,’ असं तो हसून म्हणायचा, पण टोपी काढायचा नाही.

या घरात एक रीत होती. चांगुणाबाईला लग्नात तिच्या आईनं डांगी कालवड आंदण दिली होती. आईला तिच्या आईनं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असणारी, दगडधोंड्यात आणि चिखलात न घसरणारी ही आमच्या डोंगराची जात. त्या पहिल्या गाईच्या पोटची गाय, तिच्या पोटची गाय, अशी ती ओळ घरातल्या लेकींबरोबर चालत आलेली. चांगुणाबाईला मुलगी झाली नाही, म्हणून आता पाळी नात पूजाची होती. आणि गोठ्यात उरली होती त्या वंशाची एकच गाय, काजळी. तिला सगळे गोऱ्हेच झाले. म्हातारी झाली, गाभण राहीना. पूजाचं लग्न कोतूळला ठरलं, तिचं शिक्षण संपल्यावर करायचं म्हणून, आणि चांगुणाबाईची झोप उडाली. ‘माझ्या आईची गाय माझ्या हातात तुटली तर वर जाऊन तिला काय सांगू,’ असं ती मला राजूरच्या बाजारात भेटेल तेव्हा म्हणायची.

मी रूथला तिच्याकडं घेऊन गेलो. काजळी खरोखर बघण्यासारखी होती. कपाळाच्या बरोब्बर मधोमध एकच भोवरा, डाव्या खांद्यावर तळहाताएवढा काळा ठिपका, डोळ्यांभोवती काळी कड. राजूरच्या प्रदर्शनात एकदा पहिली आलेली. रूथनं तिच्या मानेवरून हात फिरवला आणि सरळ सांगितलं, ‘हिच्या कानाचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा द्या. त्यातून कालवड तयार करता येईल.’

‘कानातनं गाय?’ चांगुणाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, ‘डाक्टर, ही बाई शुद्धीत हाय ना?’

रूथ रागावली नाही. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि फळीवरच्या डब्यांकडं बोट केलं. ‘आजी, तुमच्या फळीवर मीठ, हळद, गूळ, नागली, वरई, सगळं आहे. भाकरी करताना सगळे डबे उघडता का?’

‘न्हाई. नागलीचा उघडते, मिठाचा उघडते.’

‘काजळीच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत अशी पूर्ण फळी आहे. कानाच्या पेशीत कानाला लागणारे डबे उघडे, बाकीच्यांची झाकणं घट्ट. कासेच्या पेशीत दुसरे उघडे. पोटात गर्भ धरतो तेव्हा पहिले काही दिवस सगळी झाकणं सैल असतात. तेव्हा त्या पेशीचं काहीही होऊ शकतं, कान, खूर, काळीज. मग एकेक झाकण लागत जातं. मी कानाची पेशी घेऊन तिची सगळी झाकणं पुन्हा सैल करणार.’

चांगुणाबाई फळीकडं बघत बसली. गुळाच्या डब्याचं झाकण गेल्या पावसापासून निघत नव्हतं म्हणाली. रूथ म्हणाली, ‘तिथंच तर सगळं अडतं.’

रामा दारात उभा होता. ‘म्हंजे काजळीच परत येनार,’ तो म्हणाला.

‘नाही. काजळीची जुळी बहीण येईल. उशिरा जन्मलेली.’

सगळे हसले. जुळी बहीण काय आणि काजळी काय, एकच की, असं सगळ्यांना वाटलं. रूथ हसली नाही. तिनं तेच वाक्य परत एकदा म्हटलं. पण वाडीनं आपल्याला हवं तेच धरलं, आणि संध्याकाळपर्यंत उंबरदऱ्यात बोभाटा झाला की काजळी परत येणार.

पुढं काय झालं ते मी जवळून पाहिलं आणि मला त्याचा भयंकर वैताग यायचा. दुसऱ्या एका डांगी गाईचं बीजांड घ्यायचं, त्याचं केंद्रक काढायचं, त्या जागी काजळीच्या कानाच्या पेशीचं घालायचं, उबवणीच्या पेटीत गर्भ वाढवायचा आणि संकरित गाईच्या पोटात ठेवायचा. आणि मग तो मरायचा. कधी पेटीतच, कधी गाईच्या पोटात, कधी चांगला चार महिन्यांचा होऊन. दर वेळी माझं तोंड उतरायचं. ती मात्र त्या गार खोलीत शाल गुंडाळून बसायची आणि आईकडून शिकलेली गीतं गुणगुणत मेलेल्या गर्भाच्या पेशी तपासायची. कुठलं झाकण घट्ट राहिलं, तेवढंच शोधत असायची.

‘एवढं मरतंय, तुम्हाला काहीच वाटत नाही?’ मी एकदा चिडून विचारलं.

‘वाटतं. पण ते चुकीच्या पेशींमुळं मरत नाहीत, काका. पेशीत सगळं आहे. फक्त काही झाकणं उघडायची राहतात, काही लावायची. कुठली, ते कळत चाललंय. होईल.’

झाकणं सैल करणारं एक औषध असतं. इतर ठिकाणचे शास्त्रज्ञ त्याची मात्रा वाढवत होते. रूथनं काजळीच्या पेशी आणि पेटीतल्या गर्भातून वाढवलेल्या मूळ पेशी शेजारी शेजारी ठेवून महिनोन्‌महिने तपासल्या आणि उलटं ठरवलं. औषध कमी, वेळ कमी. ‘जास्त दिलं की जी झाकणं लागलेलीच हवीत तीसुद्धा उडतात,’ म्हणाली. मला यातलं निम्मं कळलं. पण तिचा आवाज असा होता की मी त्या दिवशी चांगुणाबाईला फोन करून सांगितलं, पूजाच्या लग्नाला कालवड येणार म्हणजे येणार.

त्याच हिवाळ्यात काजळी गेली. रामानं आणि लक्षानं तिला बांधावर पुरली. चांगुणाबाई फोनवर एवढंच म्हणाली, ‘आता सगळं त्या बाईच्या हातात हाय.’

शेवटी एका गर्भानं दिवस पुरे केले. कालवड जन्मली, उभी राहिली, प्यायली. रूथनं तिच्या ओल्या अंगावर दोन्ही हात ठेवले आणि ढसाढसा रडली. मी पण रडलो, आणि मला त्याची लाज नाही.

अंग वाळल्यावर मी नीट बघितलं. खांद्यावरचा ठिपका डाव्या बाजूला नव्हता, उजवीकडं पोटावर उतरला होता. ते चाललं असतं. पण कपाळावर भोवरे दोन होते.

शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडं जनावर घेताना आधी दात बघतात आणि मग भोवरा, म्हणजे केस गोल फिरलेली जागा. कपाळाच्या मधोमध एक भोवरा असला तर जनावर घराला लाभतं. दोन असले तर खोड. असं जनावर दारात बांधलं की घरात भांडणं लागतात म्हणतात. शिकलेसवरलेले लोकही बाजारात उभे राहिले की आधी कपाळावरचे केस चाचपतात. मीसुद्धा चाचपतो.

मी रूथला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडम, यावर उपाय आहे. बाजारात गुरं विकणारे हेडी लोक करतात. तापलेल्या सळईचा एक डाग द्यायचा, एक भोवरा जातो. कुणाला कळत नाही.’ मला त्यात आजही फार मोठं पाप दिसत नाही. तेवढ्यानं म्हातारीचं समाधान झालं असतं.

‘नाही,’ रूथ म्हणाली.

‘त्यांना वाटेल आपण भलतीच कालवड आणली.’

‘मग मी समजावेन. तिला डाग द्यायचा नाही.’ आणि माझ्याकडं असं बघितलं की मी सळईचं नाव पुन्हा काढलं नाही.

कालवड चांगली हिंडायला लागल्यावर आम्ही तिला टेम्पोत घालून उंबरदऱ्याला नेली. अंगण सारवलेलं होतं. चांगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. पूजा तिच्या मागं होती. आणि नेमका त्याच दिवशी नवऱ्या मुलाचा चुलता बजरंग आला होता. हा बजरंग जनावरांचा दलाल, घोडेगावपासून लोणीपर्यंत सगळे बाजार पालथे घातलेला. मी मनात म्हटलं, घ्या, झालं कल्याण.

कालवड टेम्पोतून उतरली. चांगुणाबाईनं खांद्याकडं बघितलं, ठिपका दिसला नाही.  तेवढ्यात बजरंगानं पुढं होऊन कपाळावरचे केस अंगठ्यानं मागं सारले.

‘दोन भोवरे,’ तो म्हणाला. ‘काजळीला एक हुता. मी सोता बघितलेला. आन ही जर्शीच्या पोटची. डाक्टर, म्हातारीला फसवता व्हय? असली खोडीची आमच्या दारात न्हाई बांधायची.’

 रामानं मान खाली घातली. चांगुणाबाई जवळ आली, तिनं स्वतः हात लावून दोन्ही भोवरे बघितले. मग ताट ओट्यावर ठेवलं. तिचा चेहरा मला बघवेना. काजळी गेली तेव्हासुद्धा ती इतकी खचली नसेल.

‘बाई, तुजं चुकलं आसंल, तू मुद्दाम न्हाई केलं,’ ती रूथला म्हणाली. ‘पर ही माझ्या आईची न्हाई. घेऊन जा.’

मी लगबगीनं पिशवीतून तपासणीचा अहवाल काढला. काजळी आणि कालवड यांची जनुकं अगदी तंतोतंत एक, असं त्यात शिक्क्यासकट होतं. रूथनं मला हातानंच थांबवलं. ‘ते ठेवा, काका.’ मग ती चांगुणाबाईच्या समोर खाली मातीत बसली.

‘आजी, मी जाते. त्याआधी एक सांगा. रामभाऊ आणि लक्ष्मणभाऊ तान्हे होते तेव्हा कोण कुठला ते तुम्ही कसं ओळखायचात?’

चांगुणाबाईला हे मध्येच काय काढलं असं वाटलं असणार. तरी तिनं उत्तर दिलं, कारण ते उत्तर तिच्या तोंडावरच होतं. ‘भवऱ्यावरनं. रामाला एक, लक्षाला दोन. दुसरा काय फरकच नव्हता. एकाला दोनदा पाजलं जाऊ नये म्हनून मी आधी टाळू चाचपायची आन मग...’

ती तिथंच थांबली.

‘एका पोटात, एका वेळी वाढलेले,’ रूथ शांतपणे म्हणाली. ‘फळी एकच होती, डबे तेच. पण केस कुठं वळणार, ठिपका कुठं पडणार, हे कुणी आधी ठरवत नाही. ठिपके करणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीकडून निघतात आणि अंगभर चालत जातात. कोण कुठं थांबेल ते त्या वाटेवर ठरतं. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, ही काजळी नाही. काजळी गेली. ही तिची जुळी बहीण आहे.’ आणि मग तिनं विचारलं, ‘रामभाऊला एक भोवरा, लक्ष्मणभाऊला दोन. आता तुम्हीच सांगा आजी, यातला कोण तुमचा नाही?’

 लक्षानं हात वर केला आणि टोपी काढली. सगळ्या वाडीदेखत, बजरंगादेखत. केस पिकायला लागले होते, पण दोन भोवरे स्वच्छ दिसत होते. त्याच्या शेजारी रामानंही टोपी काढली. बजरंग दलालाच्या सवयीनं दोघांच्या डोक्यांकडं आळीपाळीनं बघत राहिला.

चांगुणाबाई पुढं झाली आणि लक्षाच्या टाळूवर हात ठेवून उभी राहिली. बोलली ती आमच्यापैकी कुणाशी नाही, त्याच्याशीच. ‘तू झाला तवा सासू म्हनली, दोन भवऱ्याचं पोर घराला बरं न्हाई, एकालाच पाज. लई कोवळी हुते मी, पर तिला म्हनलं, दोगं बी माझं हायेत, पाजीन तर दोगांनला. तवा मला कळत हुतं.’ मग पदरानं डोळे पुसले. ‘आन आता म्हातारपनी मीच सासू झाले की रे.’

तिनं ओट्यावरचं ताट उचललं. कालवडीच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, दोन्ही भोवऱ्यांवर दोन बोटं. मग बजरंगाकडं वळली. आवाज आता नेहमीचा, सगळ्या वाडीला ऐकू जाणारा.

‘सोयरं, माझ्या लक्षाला खोडीचा म्हननार का तुमी?’

बजरंग दलाल असला तरी माणूस होता. थोडा वेळ कालवडीचे पाय, पाठ, खूर बघत राहिला. ‘न्हाई म्हननार,’ तो म्हणाला. ‘जनावर एक लंबर हाय, मावशी. बाजारात असतं तर मी हाच भवरा दावून भाव पाडला असता आन सोता घेतलं असतं.’

तेव्हा कुठं पूजा हसली आणि तिनं दोरी हातात घेतली. चांगुणाबाईनं विचार करून कालवडीचं नाव लक्षी ठेवलं. काजळी का नाही, असं रामानं विचारलं. ‘काजळी बांधावर हाय,’ ती म्हणाली. ‘माझ्या आईनं बी मला तिची गाय दिली नव्हती. तिच्या गाईची कालवड दिली हुती.’

परतीच्या वाटेवर मी रूथला विचारलं, म्हातारीनं नाहीच म्हटलं असतं तर काय केलं असतंत? ‘नाही म्हणणार नव्हत्या,’ ती म्हणाली. ‘त्यांना सगळं माहीत होतं. एक झाकण तेवढं घट्ट बसलं होतं.’ आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवली.

आता उंबरदऱ्याच्या आसपासच्या तीन-चार वाड्यांतल्या म्हाताऱ्या स्वतःहून फोन करतात, आमच्या गाईच्या कानाचं घ्यायला कधी येता म्हणून. मी सांगतो, मॅडमना विचारतो. मॅडम सांगतात, येऊ.

लग्नाला रूथ आईवडिलांना घेऊन आली होती. रोझीबाई आणि चांगुणाबाई अशा गप्पांना बसल्या की जेवणाची पंगत उठली तरी उठेनात. वरात निघाली तेव्हा रीतीप्रमाणं आंदणाची कालवड पुढं होती. तिला धरायचा मान नवरीच्या चुलत्याचा. गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांच्या कोंबांना लाल रंग, कपाळावर दोन भोवरे, आणि दोरी लक्षाच्या हातात. कोतूळच्या वेशीपासून मांडवापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बघायला उभी होती, आणि लक्षानं त्या दिवशी टोपी घातली नव्हती.